तिसऱ्या मजल्यावरची समुद्री टाकी आणि ओव्हरफ्लोची निवड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील समुद्री माशांची टाकी पुण्यातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या भिंतीलगत उभी आहे. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि नवऱ्याची आई असे चौघे राहतात. टाकीची सगळी देखभाल सूनबाई करतात, म्हणून पुढे त्यांचा उल्लेख ‘टाकीधारक’ असा केला आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, पण मापे जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण या प्रकरणाचा उलगडा मापांतूनच होतो.

टाकी १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि ५५ सें.मी. उंच असून १२ मि.मी. काचेची आहे. स्थानिक कारागिराने ती मुळात गोड्या पाण्यातील माशांसाठी बनवली होती, त्यामुळे तिच्यात एकही छिद्र नव्हते. आतील माप धरले, तर टाकीतील पाण्याच्या प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ६.८ लिटर पाणी लागते; ५२ सें.मी. पातळीला साधारण ३५० लिटर. गोड्या पाण्याकडून समुद्री पाण्याकडे वळताना कुटुंबाने टाकी तीच ठेवली आणि खालच्या कपाटात ९० बाय ४० बाय ४० सें.मी.चा सम्प, म्हणजे यंत्रे ठेवायची सहायक टाकी, बसवला. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणारे यंत्र), हीटर आणि पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप या सम्पात राहतात. वरच्या टाकीतील पाणी ओव्हरफ्लोमधून खाली येते आणि पंपाने पुन्हा वर जाते.

टाकीत काय ठेवायचे, हेही सुरुवातीलाच ठरवावे लागले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे, आणि प्रवाळांचे वाळलेले सांगाडेही त्यातून सुटत नाहीत. म्हणून टाकीत सिरॅमिकचे खडक, मऊ प्रवाळे, क्लाउनफिश आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी एवढाच संसार आहे.

ओव्हरफ्लोचे काम दुहेरी असते. एक तर तो पाणी खाली नेतो. दुसरे असे, की प्रथिनांचा आणि तेलकट पदार्थांचा जो पातळ थर पृष्ठभागावर साचतो, तो ओव्हरफ्लोच्या काठावरून खेचला जातो. तो तसाच राहिला तर प्रकाश आणि वायूंची देवाणघेवाण दोन्ही मंदावतात. छिद्र नसलेल्या टाकीला विक्रेत्याने मागे टांगायचा ओव्हरफ्लो सुचवला होता. त्यात एक पेटी टाकीच्या आत, एक बाहेर आणि दोहोंना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी असते. पाणी काठ ओलांडून बाहेर जाते ते केवळ साइफनच्या, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या नळीतील ओढीच्या, जोरावर.

अडचण

वर्षभर ही व्यवस्था चालली, पण ती गप्प कधीच नव्हती. सासूबाई दिवाणखान्यातच झोपतात, आणि रात्रभर कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटतं, ही त्यांची तक्रार पहिल्या आठवड्यापासूनची होती. घरच्यांनी ती सवयीवर सोडून दिली. वास्तविक तो आवाज म्हणजे नळीत पाण्याबरोबर हवा ओढली जात असल्याची खूण होती, आणि पुढे जे घडले त्याचे मूळही त्या हवेतच होते.

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची झाली तर बहुधा गुरुवारी ठेवतात. अशाच एका गुरुवारी सकाळी वीज गेली, दुपारी आली आणि त्या वेळी घरात कुणीही नव्हते, कारण सासूबाईही नात्यातल्या एका कार्यक्रमाला गेल्या होत्या. संध्याकाळी घर उघडले तेव्हा दिवाणखान्यात पाणी होते, सम्पातील पंप कोरडा घरघरत होता आणि खालच्या मजल्यावरील कुटुंब आपल्या छताला आलेली ओल दाखवण्यासाठी जिन्यातच भेटले.

पाणी नेमके किती सांडले आणि का, याचा हिशेब टाकीधारकांनी दोन दिवसांनी फूटपट्टी घेऊन केला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचे काम तेच होते. यू-नळीच्या माथ्यावर बारीक बुडबुडे सतत साचतात. प्रवाह जोरात असेल तर ते वाहून जातात, मंद असेल तर तिथेच राहतात. वीज गेल्यावर प्रवाह थांबला, नळीच्या माथ्याला आधीच असलेली हवा तशीच राहिली, आणि वीज आल्यावर साइफन पुन्हा सुरू झाला नाही. पंपाला याची खबर असण्याचे कारण नव्हते. तो सम्पाच्या शेवटच्या कप्प्यातील पाणी वर टाकत राहिला.

हा कप्पा ५५ सें.मी. लांबीचा होता. बाष्पीभवनाला वाव राहावा म्हणून तो मुद्दाम मोठा ठेवला होता, कारण उन्हाळ्यात या टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडते. कप्प्याच्या प्रत्येक सेंटिमीटरला २.१ लिटर पाणी बसत होते आणि पंप हवा खेचू लागेपर्यंत पातळी १६ सें.मी. उतरू शकत होती, म्हणजे सुमारे ३४ लिटर पाणी वर जाऊ शकत होते. वरच्या टाकीत मात्र पाण्याची पातळी आणि काचेचा काठ यांत फक्त दोन सेंटिमीटरचे अंतर होते; तिथे १३-१४ लिटरच मावणार. उरलेले वीस लिटर जमिनीवर येणे हा अपघात नव्हता, तो पहिल्या दिवसापासून मांडून ठेवलेला हिशेब होता.

त्यात आणखी एक भर पडली. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे आर.ओ. पाणी टाकणारे स्वयंचलित यंत्र याच कप्प्यातील पातळी बघते. कप्पा रिकामा होताना त्याला वाटले की पाणी उडाले आहे, म्हणून त्याने डब्यातले सुमारे १५ लिटर गोडे पाणी त्यात ओतले. तेही वर गेले आणि सांडले, शिवाय टाकीतील क्षारता दर हजारी ३५ वरून जवळपास ३४ वर आली. मासे आणि प्रवाळे वाचली. ओलीच्या दुरुस्तीचा खर्च कुटुंबाने उचलला. संस्थेच्या सचिवांनी मात्र टाकी चालू ठेवायची असेल तर हे पुन्हा होणार नाही याची लेखी हमी मागितली.

पहिला निर्णय : प्रवाह किती हवा

ओव्हरफ्लो निवडण्याआधी त्यातून किती पाणी जाणार, हे ठरवणे भाग होते, आणि इथे टाकीधारक आणि विक्रेते यांचे मत जुळत नव्हते. टाकीच्या दहापट पाणी दर तासाला सम्पातून फिरले पाहिजे, म्हणजे ताशी साडेतीन हजार लिटर, असे विक्रेत्याचे म्हणणे होते. ही समजूत जुन्या काळची आहे, जेव्हा टाकीतील सगळी हालचाल रिटर्न पंपानेच करावी लागत असे. आता प्रवाळांना लागणारा उलटसुलट प्रवाह टाकीतले वेव्हमेकर कितीतरी कमी विजेत देतात. सम्पातून फिरणाऱ्या पाण्याने स्किमर आणि हीटरला पुरेसे पाणी पुरवावे आणि पृष्ठभाग स्वच्छ ठेवावा, एवढीच अपेक्षा असते, आणि त्यासाठी तीन ते पाचपट प्रवाह पुरतो.

टाकीधारकांनी ताशी १,८०० लिटर हा आकडा नक्की केला. जुना पंप प्रत्यक्षात किती पाणी देतो, हे बादली आणि घड्याळ लावून मोजले, तर दहा लिटरला बारा सेकंद लागत होते, म्हणजे ताशी ३,००० लिटर. वेग कमी-जास्त करता येणारा डी.सी. पंप घेऊन दहा लिटरला वीस सेकंद लागतील इतका तो खाली आणायचे ठरले. या एका निर्णयाने पुढचे पर्याय सोपे झाले. प्रवाह कमी झाला की पाइप लहान लागतो, आवाज कमी होतो आणि बिघाडाच्या वेळी हाताशी जास्त वेळ राहतो.

पर्यायांची छाननी

पहिला पर्याय होता जुनाच ओव्हरफ्लो ठेवून त्याला दुसरी यू-नळी, हवा खेचणारा छोटा पंप आणि वरच्या टाकीत पाणी चढले की रिटर्न पंप बंद करणारा फ्लोट (तरंगता) स्विच जोडण्याचा. खर्च सर्वांत कमी आणि काचेला हात लावायची गरज नाही, म्हणून घरातील इतरांचा कल याच्याकडे होता. टाकीधारकांचा आक्षेप असा, की मूळ दोष तसाच राहतो. साइफन सुटला तर वाचवण्याची जबाबदारी एका स्विचवर येते, आणि समुद्री पाण्यात स्विचवर क्षार चढतात, गोगलगायी जाऊन बसतात. हा आक्षेप मला पटला.

दुसरा पर्याय सम्पच काढून टाकण्याचा होता. ३५० लिटरच्या टाकीला टांगते स्किमर लावून मऊ प्रवाळे सांभाळता येतात, आणि अशी कित्येक घरे आहेत. सासूबाईंचे मत याच बाजूने पडले. पण मग हीटर आणि स्किमर दर्शनी टाकीत येणार, पृष्ठभागाचा थर वेगळ्या यंत्राने काढावा लागणार आणि बाष्पीभवनाबरोबर दिवाणखान्यातील टाकीची पातळी रोज दिसेल इतकी खाली-वर होणार. हा पर्याय शेवटपर्यंत कागदावर राहिला, आणि राहायलाही हवा होता. काच भोक पाडताना तडकली असती, तर तोच स्वीकारावा लागला असता.

बाकीचे तिन्ही पर्याय टाकीला छिद्र पाडूनच शक्य होते. त्यांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

डर्सो पद्धतीत एकच उभा पाइप असतो. वरच्या टोकाला टी जोडून पाण्याचे तोंड खाली वळवलेले असते आणि टोपणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. रिचर्ड डर्सो या हौशी अमेरिकन मत्स्यपालकामुळे तिला हे नाव मिळाले. पाइपमधून पाणी आणि हवा एकत्र उतरतात. हवेचे छिद्र अचूक जमले तर आवाज बराच कमी होतो, पण त्या छिद्रावर मिठाचा थर चढतो, ते अरुंद होते आणि पाइप मधूनच साइफन पकडून मधूनच सोडू लागतो. फ्लश केल्यासारखा आवाज पुन्हा पुन्हा येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाइप एकच. त्यात गोगलगाय अडकली तर पाण्याला दुसरी वाट नाही.

हर्बी पद्धतीत दोन पाइप असतात. पहिल्यावर व्हॉल्व्ह असतो. तो थोडा थोडा आवळून पाइप पूर्ण पाण्याने भरलेला ठेवायचा, म्हणजे त्यात हवाच नसते आणि आवाजही नसतो. दुसरा पाइप कोरडा, फक्त संकटासाठी. अडचण अशी, की व्हॉल्व्ह पंपाच्या प्रवाहाशी अगदी बरोबर जुळावा लागतो. पंपाचा वेग थोडा जरी बदलला तरी ओव्हरफ्लोच्या पेटीतील पातळी सावकाश चढते किंवा उतरते, आणि दर काही दिवसांनी व्हॉल्व्हकडे बघावे लागते.

बीनअ‍ॅनिमल पद्धत, जी तिच्या कर्त्याच्या टोपणनावाने ओळखली जाते, या दोहोंच्या मधे तिसरा पाइप घालते. मुख्य पाइप साइफनचा, व्हॉल्व्हसह. दुसरा उघडा पाइप, ज्याच्या भिंतीवरून पाण्याची पातळ चादर उतरते. साइफनला न पेललेले थोडेसे पाणी तो घेतो आणि त्यामुळे व्हॉल्व्ह तंतोतंत जुळला नाही तरी पातळी आपोआप स्थिर राहते. या पाइपच्या टोपणातून एक बारीक हवेची नळी निघते आणि तिचे तोंड पेटीतल्या नेहमीच्या पातळीच्या जरा वर टेकवलेले असते. साइफन तुंबला की पेटीत पाणी चढते, नळीचे तोंड बुडते, हवा बंद होते आणि उघडा पाइप स्वतःच पूर्ण साइफन होतो. तिसरा पाइप त्याच्याही वर, कोरडा.

निर्णय आणि त्यामागची कारणे

टाकीधारकांनी तीन पाइपांची पद्धत निवडली. शांतता हे त्यातले दुय्यम कारण होते. त्यांनी प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारले होते : वीज गेली तर काय होईल, घरात कुणी नसताना वीज परत आली तर काय होईल, आणि मुख्य पाइप तुंबला तर काय होईल. टांगता ओव्हरफ्लो दुसऱ्याच प्रश्नावर नापास झाला होता, डर्सो तिसऱ्यावर अडला. हर्बीने तिन्ही प्रश्न सोडवले, पण व्हॉल्व्हवर कुणाची तरी नजर असेल हे गृहीत धरून. आणि या घरात कामाच्या दिवशी दहा-दहा तास टाकीकडे बघणारे कुणी नसते.

छिद्रे तळाला पाडायची की मागच्या काचेला, यावर फार चर्चा झाली नाही. तळाच्या छिद्राचा जोड गळला तर टाकी पूर्ण रिकामी होऊ शकते. मागच्या काचेच्या वरच्या भागात जोड गळला तर पाणी तिथपर्यंतच उतरते. टाकीच्या आत ४० सें.मी. लांबीची उथळ पेटी, काचेतून आरपार दोन टँक कनेक्टर, आणि मागे बाहेरच्या बाजूला दुसरी पेटी, जिच्या तळातून तिन्ही पाइप खाली जातील, अशी रचना ठरली. यामुळे मूळ काचेला तीनऐवजी दोनच छिद्रे लागली.

पेटीची लांबी हाही विचारपूर्वक केलेला निर्णय होता. काठावरून जाणाऱ्या पाण्याची जाडी काठाच्या लांबीवर अवलंबून असते. जुन्या पेटीचा काठ १५ सें.मी.चा होता आणि दातेरी असल्याने त्यातली निम्मीच लांबी मोकळी. ताशी १,८०० लिटरला तिथे पाणी सुमारे २४ मि.मी. जाड झाले असते. ४० सें.मी.च्या दातेरी काठावर तेच पाणी १२ मि.मी. जाडीने जाते. थर पातळ असेल तर पृष्ठभागाची घाण चांगली खेचली जाते, आणि पंप थांबल्यावर खाली उतरणारे पाणीही कमी असते. टाकीच्या संपूर्ण लांबीचा काठ केला असता तर थर आणखी पातळ झाला असता, पण १२० सें.मी.ची पेटी नंतर आत चिकटवणे अवघड होते. दाते ठेवले ते क्लाउनफिशसाठी. बिनदाती काठावरून ते पेटीत उड्या मारतात.

पाइपच्या मापावरून प्लंबरशी वाद झाला. तिन्ही पाइप दीड इंची घ्या, मोठा पाइप केव्हाही बरा, असा त्यांचा आग्रह होता. आपत्कालीन पाइपच्या बाबतीत तो योग्यच होता. साइफनच्या पाइपला मात्र तो लागू नाही. बाहेरच्या पेटीपासून सम्पातील पाण्यापर्यंत ९५ सें.मी. उतार मिळत होता. एवढ्या उताराला एक इंची पाइप वळणांचा रोध धरूनही ताशी तीन हजार लिटरच्या वर पाणी नेतो. दीड इंची पाइपमधून १,८०० लिटर जाऊ दिले, तर पाण्याचा वेग इतका कमी पडतो की सुरुवातीला पाइपमधील हवा बाहेर ढकलली जात नाही आणि साइफन पकडायलाच उशीर होतो. अखेर साइफनला एक इंची आणि बाकी दोघांना सव्वा इंची असे ठरले.

प्रत्यक्ष काम

काच टफन केलेली (उष्णता देऊन कणखर केलेली) असेल तर छिद्र पाडताच तिचा चुरा होतो, म्हणून आधी ती खात्री करणे आवश्यक होते. कारागिराने साधी काच असल्याचे सांगितलेच होते. तरीही टाकीधारकांनी मागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरून पोलराइज्ड गॉगलमधून काच पाहिली. टफन काचेत अशा वेळी गडद ठिपके आणि पट्टे दिसतात. तसे काही दिसले नाही.

मासे, प्रवाळे आणि खडक खाद्यपदार्थांच्या निळ्या पिंपांत टाकीच्याच पाण्यात हलवले. हीटर आणि एकेक वेव्हमेकर त्यांत सोडला. टाकी पूर्ण रिकामी करून भिंतीपासून १५ सें.मी. पुढे घेतली, कारण बाहेरच्या पेटीला तेवढी जागा हवी होती. यासाठी संस्थेच्या स्थापत्य अभियंत्यांना पुन्हा विचारले गेले. भरलेली टाकी, सम्प आणि कपाट मिळून सहाशे किलोच्या घरात जातात, आणि निवासी खोल्यांचे आराखडे भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून केलेले असतात. तुळईच्या आधाराने ठेवलेली टाकी पुढे सरकवणे म्हणजे फर्निचर हलवणे नव्हे. त्यांनी तपासून होकार दिल्यावरच काम पुढे गेले.

छिद्रे ६० मि.मी. व्यासाची होती. छिद्राची कड आणि काचेचा काठ यांत किमान एका व्यासाचे अंतर असावे लागते; इथे केंद्र काठापासून १० सें.मी. खाली घेतल्याने ७ सें.मी. अंतर मिळाले. काचवाल्याने हिऱ्याचे होल-सॉ कमी वेगात, सतत पाणी सोडत आणि दाब न देता चालवले. आतल्या बाजूला जाड टेप लावली होती, म्हणजे शेवटच्या क्षणी कपचा उडू नये.

व्हॉल्व्हच्या बाबतीत काम थांबवावे लागले. साइफनचा प्रवाह बारीक जुळवायचा तर गेट व्हॉल्व्ह हवा. पाव वळणात उघडणाऱ्या बॉल व्हॉल्व्हने ते जमत नाही. हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतो तो पितळी गेट व्हॉल्व्ह, आणि प्लंबरने तोच आणला होता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. माशांच्या रोगांवर समुद्री टाकीत तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणात वापरतात, आणि तेवढ्या प्रमाणातही प्रवाळे आणि गोगलगायी मरतात. खाऱ्या पाण्यात पितळ झिजत राहणार, हे उघड होते. टाकीधारकांनी तो परत पाठवला आणि पी.व्ही.सी.चा गेट व्हॉल्व्ह मागवला. तो येईपर्यंत पिंपांतील मुक्काम लांबला, रोज पाणी बदलावे लागले. ही वाट पाहणे टाळण्याजोगे होते. सगळे भाग हातात आल्याशिवाय टाकी रिकामी करायला नको होती.

सम्पातील शेवटचा कप्पा ५५ सें.मी.वरून ३० सें.मी.वर आणला आणि वरच्या टाकीतील पातळी ५१ सें.मी.ला उतरवली. आता कप्प्यातून जास्तीत जास्त सुमारे १८ लिटर वर जाऊ शकतात आणि वर २० लिटरला जागा आहे. रिटर्नचे तोंड पूर्वी पाण्यात ६ सें.मी. खोल होते, ज्यामुळे पंप थांबला की तेवढे, म्हणजे चाळीसेक लिटर पाणी उलटे उतरत असे. ते २ सें.मी.वर आणले. पाइपमध्ये उलट-झडप बसवण्याचा सल्ला प्लंबरने दिला, पण झडपेवर चुनखडी शेवाळ चढले की ती पूर्ण मिटत नाही, म्हणून हिशेब झडप नसल्याचे धरूनच केला. गोड्या पाण्याचा डबाही १० लिटरचा केला आणि त्याच्या पंपाला टायमर लावला.

चाचण्या

प्राणी परत सोडण्याआधी खाऱ्या पाण्यावर टाकी चालवून मुद्दाम बिघाड केले गेले. वीज बंद केल्यावर सम्प २२ सें.मी.वरून २८ सें.मी.पर्यंत चढला, काचेवर त्या जागी कायमची खूण केली. वीज परत दिल्यावर मात्र साइफन पकडायला कित्येक मिनिटे लागली आणि तोवर आपत्कालीन पाइपमधून पाणी धो-धो पडत होते. कारण शोधले तेव्हा साइफनच्या पाइपचे खालचे टोक सम्पात १० सें.मी. बुडलेले आढळले, एवढे खोल टोक असले की पाइपमधील हवेला बाहेर पडायला तेवढ्या पाण्याचा दाब ढकलावा लागतो. टोक कापून अडीच सेंटिमीटर बुडेल एवढेच ठेवल्यावर साइफन मिनिटभरात पकडू लागला.

मग साइफनचे तोंड कापडाने बंद केले. पेटीत पाणी चढले, हवेची नळी बुडाली आणि उघड्या पाइपने सगळा प्रवाह उचलला. दोन्ही बंद केल्यावर तिसऱ्याने. शेवटी तिन्ही बंद करून, पंप चालू ठेवून, सगळे घर टाकीभोवती उभे राहिले. पाणी काठाच्या खाली अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास थांबले आणि पंप हवा खेचू लागला. संस्थेच्या सचिवांना ही शेवटची चाचणी प्रत्यक्ष दाखवली; हमीपत्रापेक्षा तिचा उपयोग अधिक झाला.

परिणाम

त्यानंतर उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू गेले, वीज अनेकदा गेली-आली, पाणी सांडले नाही. दिवाणखान्यात आता स्किमरची हलकी सळसळ तेवढी ऐकू येते. पावसाळ्यात एकदा रात्री उघड्या पाइपचा खळखळाट सुरू झाला आणि सासूबाईंनीच सुनेला उठवले : “अगं, ते परत बोलायला लागलंय.” साइफनच्या व्हॉल्व्हमध्ये एक लहान गोगलगाय शिरली होती. शांत व्यवस्थेचा हा फायदा सहसा कुणी सांगत नाही : आवाज हीच बिघाडाची सूचना ठरते. जुन्या ओव्हरफ्लोमध्ये असा बदल त्या सततच्या गुळगुळाटात लक्षातच आला नसता.

सगळेच सुखाचे झाले असे नाही. बाहेरची पेटी भिंतीच्या फटीत असल्याने साफ करायला हात पुरत नाही, आणि दिवाणखान्याची १५ सें.मी. जागा कायमची गेली. व्हॉल्व्ह दर दोन-तीन महिन्यांनी किंचित जुळवावा लागतो, कारण पाइपच्या आत स्पंज आणि शेवाळ वाढते. आपत्कालीन पाइप कधी ओलाच होत नाही, त्यामुळे तो मोकळा आहे की नाही हे कळत नाही. म्हणून दर महिन्याला साइफन मुद्दाम बंद करून बघण्याची पद्धत ठेवली आहे.

वेगळे काय करता आले असते

नवी टाकी बनवून घेताना मागच्या काचेला छिद्रे आधीच ठेवली असती तर पिंपे, काचवाला, अभियंता यांतले काहीच लागले नसते. पण गोड्या पाण्याच्या काळात ते कुणाला सुचणे शक्य नव्हते. समुद्री पाण्याकडे वळताना मात्र ती संधी होती, आणि तेव्हा निर्णय टाकीच्या किमतीवर झाला. जुना ओव्हरफ्लो तसाच ठेवून सम्पातील कप्पा लहान केला असता आणि वरची पातळी एक-दीड सेंटिमीटर उतरवली असती, तर साइफन सुटूनही पाणी जमिनीवर आले नसते, किंवा फार थोडे आले असते. ओव्हरफ्लोची रचना कोणतीही असो, ही दोन मापे आधी तपासायला हवीत. त्यांना काही खर्च नाही.

तीन पाइप खरोखर लागले असते का, यावर माझे मत टाकीधारकांपेक्षा थोडे वेगळे आहे. ताशी १,८०० लिटर हा प्रवाह मोठा नाही, आणि घरात दिवसभर कुणी असते तर दोन पाइपांची हर्बी पद्धत पुरेशी ठरली असती. बाहेरची पेटी लहान झाली असती आणि टाकी कमी पुढे आली असती. रिकाम्या घराचा विचार केला की त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. फ्लोट स्विचचा प्रश्न अजून सुटलेला नाही. वरची पातळी चढली की पंप बंद करणारा स्विच आता चौथा अडसर म्हणून लावावा, असे त्यांच्या पतीचे म्हणणे आहे. टाकीधारकांची हरकत अशी, की स्विच क्षारांमुळे चुकीच्या वेळी पंप बंद करील आणि घरात कुणी नसताना हीटरचे गरम पाणी वर पोचणार नाही. पुण्याच्या हिवाळ्यात ती भीती अगदीच निराधार नाही. सध्या स्विच लावलेला नाही, पण वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतले आहेत, म्हणजे रिटर्न पंप कोणत्याही कारणाने थांबला तरी टाकीतील पाणी हलत राहील आणि माशांना प्राणवायू मिळेल.